बाळोती धुणारे हात

कोरं कापड पाणी पीत नाही. मागावरून नुकतं उतरलेलं मांजरपाट हातात घ्या, ते ताठ लागतं. विणताना ताण्याचा धागा तुटू नये म्हणून त्याला खळ दिलेली असते, शिवाय कापसाच्या तंतूवर त्याचं स्वतःचं मेण असतंच. असा तुकडा बाळाला गुंडाळला तर शू वरच्यावर ओघळून जाते. चार-सहा वेळा गरम पाण्यातून धुऊन काढला की मग कुठे तो शोषायला लागतो. म्हणून तर सांगलीजवळच्या माधवनगरसारख्या यंत्रमागाच्या गावातही बाळोत्यांसाठी आधी आठवतं ते जुनेर. आईने माझ्या बाळंतपणाआधी आजीची दोन सुती नऊवारी पातळं फाडली. धुऊन धुऊन त्यांतली खळ केव्हाच गेली होती. नव्या कापडाला तो मऊपणा काही केल्या येत नाही.

लेकाला दिवसा बाळोती बांधायची, हे मी ठरवलं होतं. त्याचा अर्थ काय, हे पहिल्या आठवड्यात कळलं. तान्हं बाळ दिवसात पंधरा-वीस वेळा सहज शू करतं, आणि सुती कापड ती अंगालगतच धरून ठेवतं. डायपरच्या गाभ्यात सोडियम पॉलिअॅक्रिलेटचे बारीक दाणे असतात. ते स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी ओढून त्याची लापशी करतात, त्यामुळे वरचा थर कोरडा राहतो. कापडाला हे जमत नाही. ओलं झालं की लगेच बदलायचं, एवढाच त्यावर उपाय. शी आणि शू एकत्र राहिली की अमोनिया तयार होतो आणि बाळाचं ढुंगण लाल होतं. कापड वापरल्याने पुरळ येतच नाही, असं मानणाऱ्या आयांना मी हे आवर्जून सांगते.

धुण्याची रीत मात्र खरोखर बघण्यासारखी आहे. आमच्याकडे बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशींनी ती माझ्या नवऱ्याला शिकवली, कारण हे काम त्याने स्वतःकडे घेतलं होतं. आधी शी संडासात झटकायची. मग गार पाणी. गरम पाणी आधी ओतलं तर डाग धाग्यात पक्का बसतो. शूची बाळोती बादलीत झाकून साठवायची नाहीत, लगेच खळबळून काढायची. मग साबण, मग उकळतं पाणी, आणि शेवटी फेस पूर्ण जाईपर्यंत पुन्हा स्वच्छ पाणी. राहिलेला साबण त्वचेला शूइतकाच झोंबतो. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रावण मावशींनी हातातून काढूनच घेतलं. त्याचा थर धाग्यावर चढतो आणि कापडाचं शोषणं कमी होतं.

उरलेलं काम सांगलीकडचं ऊन करतं. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीचा पिवळा डाग साबणाला दाद देत नाही, पण दुपारभर उन्हात टाकला तर फिका होत होत जातो. हा पिवळेपणा पित्तातल्या रंगद्रव्याचा, आणि ते उजेडात विरतं. पावसाळ्यात सगळं गणित फिसकटतं. पूर्वी शेगडीवर डालगं पालथं घालून त्यावर बाळोती सुकवत. आमच्याकडे शेगडी नाही, त्यामुळे पंख्याखाली दोऱ्या बांधल्या आणि दमट राहिलेल्यांवर इस्त्री फिरवली. रात्री आणि प्रवासात आम्ही डायपरच लावला. आईची झोप ही काही चैन नाही.

मग एवढा खटाटोप पर्यावरणासाठी का? इंग्लंडच्या पर्यावरण विभागाने 2008 साली अडीच वर्षांच्या वापराचा हिशेब मांडला, तेव्हा सरासरी कार्बन उत्सर्जन डायपरचं साधारण 550 किलो आणि कापडी लंगोटाचं 570 किलो निघालं. म्हणजे कापड जवळपास बरोबरीत, किंचित मागेच. पण यंत्र भरून धुतलं, दोरीवर वाळवलं आणि तेच कापड दुसऱ्या बाळालाही वापरलं, तर कापडाचं ओझं सुमारे 200 किलोंनी घटतं. आपल्याकडे दोरी आणि दुसरं बाळ या दोन्ही गोष्टी पूर्वापार गृहीतच असतात.

माझं कारण मात्र वेगळं आहे. बाळाची शी कुणाच्या ना कुणाच्या हाताला लागतेच. आपण घडी घालून फेकलेला डायपर कचरा वेगळा करणारी बाई उघडते. पुण्यातल्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतल्या बायकांनी 8 मार्च 2013 रोजी वापरलेल्या सॅनिटरी पॅडच्या पिशव्या थेट ती बनवणाऱ्या कंपन्यांकडे पाठवल्या होत्या. पुढे 2016च्या घनकचरा नियमांत पॅड आणि डायपर गुंडाळायला उत्पादकांनी पिशवी द्यावी, असं आलं. तरी किती घरांत डायपर कागदात गुंडाळून, वर खूण करून वेगळा दिला जातो? ओल्या कचऱ्यात कोंबलेला डायपर मी आमच्याच गल्लीत घंटागाडीवर पाहिला आहे, आणि तो उघड्या हाताने बाजूला काढणारी बाईही. माझ्या लेकराची शी तिने का काढावी? ती त्याच्या बापाने काढली, तर त्यात अवघड असं काहीच नाही. रात्रीचे डायपर आम्ही वेगळे गुंडाळून, वर लाल ठिपका काढून देतो.

आता लेक चालायला लागलाय. नणंदेला सातवा महिना आहे आणि तिने बाळोती मागितली आहेत. तिची तारीख ऐन पावसाळ्यात येते, आहेत तेवढी पुरणार नाहीत. आई आजीचं तिसरं पातळ फाडायला बसली आहे.