परमुलखी आजारपण आणि तातडीचा वैद्यकीय विमा

इचोड्याहून परमुलखी जाणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. कोणी रोजगारासाठी दुबई, दोहा किंवा रियाधला जातो, कोणी उमऱ्यासाठी मक्का-मदिनेस जातो, तर कोणी आईवडील अमेरिकेत किंवा कॅनडात नोकरीस असलेल्या मुलाकडे चार-सहा महिने राहून येतात. निघण्यापूर्वी पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, एवढेच काय लोणच्याची बरणीदेखील दोनदोनदा तपासली जाते. परंतु तिकडे गेल्यावर छातीत कळ आली, पाय मोडला किंवा पोटाची शस्त्रक्रिया करावी लागली, तर पैसा कोण भरणार, हा प्रश्न मात्र फार थोडे लोक विचारतात. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

आपल्या गावी आजारपण आले तर आदिलाबादचे रिम्स इस्पितळ आहे, आरोग्यश्री योजना आहे. 2007 साली सुरू झालेल्या या योजनेची मर्यादा तेलंगण सरकारने डिसेंबर 2023 मध्ये 10 लाख रुपयांपर्यंत वाढविली. पण हा आधार देशाच्या सीमेपाशी संपतो. परदेशातील सरकारी आरोग्यव्यवस्था तेथील रहिवाशांच्या करांवर किंवा वर्गणीवर उभ्या असतात, आणि पाहुणा त्या पंक्तीत बसत नाही. अमेरिकेत 1986 च्या एका कायद्यान्वये तातडीच्या विभागात आलेल्या कोणत्याही रोग्यास तपासून त्याची प्रकृती स्थिर करणे बहुतेक इस्पितळांवर बंधनकारक आहे. यावरून तेथे तातडीचा उपचार फुकट मिळतो असा समज काही लोक करून घेतात. तो चुकीचा आहे. कायदा रोग्यास दारातून परत पाठवू देत नाही, पण बिल माफ करीत नाही. आणि ते बिल रुपयांत मोजू गेल्यास शेतीवाडी विकण्याची पाळी येऊ शकते.

तातडीचा वैद्यकीय विमा म्हणजे या अकस्मात खर्चावरचा उपाय होय. प्रवासाच्या मुदतीपुरता ठराविक हप्ता भरावयाचा आणि त्या मुदतीत अपघात किंवा अचानक आजार उद्भवल्यास, पॉलिसीत लिहिलेल्या मर्यादेपर्यंत, खर्च कंपनीने सोसावयाचा, असा हा करार असतो. मात्र नेहमीची तपासणी, चष्मा, जुन्या दुखण्याची चालू औषधे या गोष्टी त्यात बहुधा येत नाहीत. 'तातडीचा' हा शब्द येथे नेमका समजून घ्यावा.

पॉलिसीचा हिशेब कसा चालतो, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, पॉलिसीत असे लिहिले आहे की, पहिले 250 डॉलर रोग्याने भरावेत. त्यानंतरच्या 5,000 डॉलरांपैकी 80 टक्के कंपनीने व 20 टक्के रोग्याने भरावेत. आणि त्यापुढील सर्व खर्च मर्यादेपर्यंत कंपनीने भरावा. इस्पितळाचे बिल 10,000 डॉलर झाले, तर रोग्याच्या वाट्यास 250 अधिक 1,000, म्हणजे 1,250 डॉलर येतील आणि उरलेले 8,750 डॉलर कंपनी देईल. दुसऱ्या एका प्रकारच्या पॉलिसीत इस्पितळातील प्रत्येक दिवसासाठी किंवा प्रत्येक शस्त्रक्रियेसाठी ठराविक रक्कमच मिळते, बिल कितीही होवो. तिचा हप्ता कमी असतो, म्हणून ती स्वस्त वाटते; संकटाच्या वेळी मात्र तीच महाग पडते. तेव्हा केवळ हप्ता पाहून निवड करू नये.

वडीलधाऱ्या मंडळींच्या बाबतीत एक गोष्ट विशेष ध्यानी ठेवावयास हवी. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार हे आधीपासूनचे आजार अनेक पॉलिसी वगळतात, किंवा त्यांचा अचानक उद्भवलेला झटका तेवढाच मर्यादित रकमेपर्यंत मानतात. अर्ज भरताना आजार लपविला, तर दावा फेटाळण्यास कंपनीस आयतेच कारण मिळते. खरे ते लिहावे, आणि काय मिळणार व काय नाही ते निघण्यापूर्वीच लेखी पाहून घ्यावे.

आता काही देशांचे नियम पाहू. युरोपातील शेंगेन देशांच्या अल्पमुदतीच्या व्हिसासाठी किमान 30,000 युरोचा विमा लागतो. कॅनडात मुलाबाळांकडे दीर्घकाळ राहण्यासाठी आईवडिलांना व आजीआजोबांना जो सुपर व्हिसा 2011 पासून मिळतो, त्यासाठी किमान 1 लाख कॅनेडियन डॉलरचा आणि निदान एक वर्षाचा विमा दाखवावा लागतो. कतारने फेब्रुवारी 2023 पासून पाहुण्यांना आरोग्यविमा सक्तीचा केला. सौदी अरबस्तानात उमऱ्याच्या व्हिसाबरोबरच विमा जोडलेला असतो. पण त्याचा कागद जवळ आहे का आणि मदतीचा क्रमांक कोणता, हे यात्रेकरूने आपल्या टूरवाल्याकडून मागून घेतले पाहिजे.

कामासाठी जाणाऱ्यांची गोष्ट निराळी आहे. सौदी अरबस्तानात 1999 च्या कायद्याने खाजगी मालकावर परदेशी कामगारांचा आरोग्यविमा उतरविण्याची जबाबदारी टाकली. संयुक्त अरब अमिरातीत अबुधाबी व दुबई येथे ती पूर्वीच होती. 1 जानेवारी 2025 पासून शारजा, अजमान आदी उरलेल्या अमिरातींतही ती लागू झाली. हा हप्ता मालकाने भरावयाचा असतो. आपल्या सरकारचीही प्रवासी भारतीय विमा योजना आहे. 2017 च्या सुधारणेनुसार दोन वर्षांस 275 रुपये किंवा तीन वर्षांस 375 रुपये व वर कर भरला असता अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास 10 लाख रुपये, तसेच इस्पितळातील उपचारासाठी 1 लाख रुपयांपर्यंत साह्य मिळते. दहावी न झालेल्या व उत्प्रवासनाच्या परवानगीने जाणाऱ्या कामगारांस ती काढावीच लागते. मात्र झोपेत हृदय बंद पडून आलेला मृत्यू अपघातात मोडत नाही, हे कुटुंबियांनी समजून असावे.

खरा धोका आहे तो भेटीच्या व्हिसावर जाऊन काम करणाऱ्या तरुणास. दलाल म्हणतो, 'आधी चला, कागद मागाहून होतील.' अशा तरुणाची नोंद सरकारच्या दप्तरी कामगार म्हणून होत नाही. त्यास प्रवासी भारतीय विमा मिळत नाही. मालकाचा विमाही मिळत नाही. तो माळ्यावरून पडला, तर इस्पितळाचे बिल, कामाचा खाडा आणि कायद्याचा बडगा ही तीनही संकटे एकदम कोसळतात. अशा वेळी भारतीय दूतावासाकडे जावे; 2009 साली स्थापन झालेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून अडलेल्या गरजूंस तातडीच्या उपचारासाठी मदत मिळू शकते. तेलंगण सरकारनेही 2024 मध्ये आखाती देशांत मृत्यू पावलेल्या कामगारांच्या कुटुंबांस 5 लाख रुपये देण्याचे ठरविले. पण हे साह्य माणूस गेल्यानंतरचे आहे. विमा त्याच्या उपचाराची सोय तो जिवंत असताना करतो.

आपल्या बांधवांच्या मनात आणखी एक शंका असते: विमा जायज आहे काय? 1985 साली जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने ठराविक हप्त्याच्या व्यापारी विम्यास नकार दिला आणि परस्पर साह्यावर उभारलेल्या सहकारी विम्यास मान्यता दिली. सौदी अरबस्तानचा आरोग्यविमा याच सहकारी तत्त्वाच्या नावाने चालतो. जेथे कायद्यानेच विमा सक्तीचा आहे, तेथे काय करावे, हे प्रत्येकाने आपल्या आलिमांना विचारून मनाचे समाधान करून घ्यावे. आमचे म्हणणे एवढेच की, शंका आहे म्हणून प्रश्नच टाळू नये. तवक्कुल म्हणजे उंट मोकळा सोडून देणे नव्हे.

शेवटी चार व्यवहाराच्या गोष्टी. पॉलिसीची एक प्रत प्रवाशाजवळ व एक घरी असावी. मदतीचा क्रमांक मोबाइलमध्ये आणि कागदावरही लिहून ठेवावा. इस्पितळात दाखल होताच कंपनीस कळवावे, कारण उशीर झाल्यास दावा अडतो. प्रत्येक बिल, चिठ्ठी व तपासणीचा अहवाल जपून ठेवावा.

आपला ट्रस्ट अडल्यानडल्यास वर्गणी गोळा करून धावून जातो, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु परदेशच्या इस्पितळाचे बिल गावाच्या झोळीत मावणारे नसते. म्हणून आमची सूचना अशी की, बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाच्या कराराचा व विम्याचा कागद ट्रस्टच्या शिकल्यासवरल्या तरुणांनी वाचून त्याचा अर्थ त्यास मराठीत, उर्दूत किंवा तेलुगूत समजावून द्यावा. यास पैसा लागत नाही, तासाभराचा वेळ लागतो. या महोत्सवी वर्षात एवढे काम सुरू झाले, तर परमुलखी गेलेली आपली माणसे आणि त्यांची वाट पाहणारी घरे ट्रस्टला दुवा देतील.