जपानात सहकुटुंब पंगत

जपानच्या प्रवासास निघालेल्या मराठी कुटुंबाने विमानाची, निवासाची आणि आगगाडीची तजवीज कितीही काटेकोरपणे केलेली असली, तरी सायंकाळी भोजनास कोठे बसावे हा प्रश्न बहुधा ऐन वेळेवर सोडलेला असतो. आणि सत्तरी ओलांडलेल्या आजी, मांसाहार वर्ज्य असलेल्या काकू, कच्च्या माशाची चव घेण्यास आतुर झालेला महाविद्यालयीन पुतण्या आणि पेंगुळलेले लहान मूल अशी मंडळी क्योतोच्या एखाद्या गल्लीत उभी राहिली, म्हणजे त्या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानी येते. अस्सल जपानी भोजनाची इच्छा सर्वांनाच असते. अडचण अशी की, जपानातील नाणावलेले भोजनगृह बहुधा एकाच पदार्थाला वाहिलेले असते, आणि कुटुंब हा तर स्वभावतःच अनेक रुचींचा समुदाय. या दोहोंचा मेळ कोठे बसतो, हे आधी ओळखले पाहिजे.

मुंबईतील किंवा लंडनमधील जपानी उपाहारगृहात सुशी, तेम्पुरा, रामेन आणि भाजलेली कोंबडी एकाच पत्रिकेवर नांदतात. जपानात मात्र कुट्टूच्या शेवयांचे दुकान वेगळे, तळणाचे वेगळे, वाम माशाचे वेगळे, असा शिरस्ता आहे. क्योतोतील होन्के ओवारिया हे घराणे आपला आरंभ १४६५ सालापासून सांगते. मिठाईच्या धंद्यातून ते पुढे सोबाकडे, म्हणजे कुट्टूच्या शेवयांकडे, वळले आणि आजही त्याच शेवयांसाठी लोक तेथे जातात. एकाच जिनसावर पिढ्यान्‌पिढ्या हात बसल्याने जी सिद्धी येते, तिच्याविषयी मला नितांत आदर आहे. परंतु ज्या घरातील एकालाही तो जिन्नस चालत नाही, त्या घराने असल्या दुकानाचा उंबरठा ओलांडताना विचार करावा. कुट्टूचे पीठ काही प्रकृतींना अत्यंत घातक ठरते, आणि त्या शेवया ज्या पाण्यात उकळतात त्याच पाण्यात पुष्कळदा गव्हाच्या शेवयाही शिजतात, एवढे तरी ध्यानात असावे.

सुशीच्या ख्यातनाम दुकानांविषयी माझे मत अधिक स्पष्ट आहे: कुटुंबाच्या पंगतीस ती योग्य नव्हेत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदो नगरीत, म्हणजे आजच्या तोक्योत, हातावर वळलेल्या सुशीचा जो प्रकार लोकप्रिय झाला, तो रस्त्यावर उभ्याने खाण्याचा होता. आणि आजही उत्तम कारागीर आठदहा आसनांच्या लाकडी फळीमागे उभा राहून, भाताची ऊब हाताच्या उबेइतकी आहे तोवरच एकेक घास पुढे ठेवतो व तो तत्काळ खाल्ला जावा अशी अपेक्षा धरतो. तेथे सारे एका रांगेत बसतात. आजीचे तोंड नातवाकडे नसून कारागिराकडे असते. मुलांना सुशीच खावयाची असेल, तर फिरत्या पट्ट्यावरील सुशीचे दुकान निःसंकोचपणे गाठावे. योशिआकी शिराइशी यांनी १९५८ साली ओसाकाजवळ हा प्रकार सुरू केला, आणि जपानी कुटुंबे स्वतः मुलाबाळांसह तेथेच जातात. त्यात ऑम्लेटची, काकडीची आणि गोड पदार्थांची बशीही फिरत असल्याने कच्चा मासा नको असलेलाही उपाशी राहत नाही.

अस्सलपणाची चर्चा खुद्द जपान सरकारनेही केलेली आहे. २००६ साली तेथील कृषिखात्याने परदेशांतील जपानी भोजनगृहांना प्रमाणपत्र देण्याची योजना पुढे मांडली, तेव्हा तिच्यावर इतकी टीका झाली की मूळ स्वरूपात ती टिकली नाही. ती टिकली नाही हे मला योग्यच वाटते, कारण ज्याला आपण शुद्ध जपानी म्हणतो त्याचाही इतिहास सरमिसळीचा आहे. तेम्पुरा हे तळण सोळाव्या शतकातील पोर्तुगीजांच्या संपर्कातून रुजले असे मानतात. ६७५ साली सम्राट तेम्मु याने गाय, घोडा, कुत्रा, वानर आणि कोंबडी यांच्या मांसावर निर्बंध घालणारा हुकूम काढला. पुढे कित्येक शतके चतुष्पादांचे मांस उघडपणे खाणे गैर मानले गेले, आणि १८७२ साली सम्राट मेइजी याने गोमांस भक्षण केल्याची वार्ता प्रसिद्ध झाल्यावर वारे फिरले. गिन्झातील रेंगातेई हे १८९५ साली उघडलेले भोजनगृह डुकराच्या मांसाच्या तळलेल्या कटलेटासाठी प्रसिद्ध झाले, आणि तोच पदार्थ पुढे तोन्कात्सु म्हणून घरोघरी पोहोचला.

या सरमिसळीतूनच निर्माण झालेली आणि कुटुंबाच्या पंगतीस सर्वांत शोभणारी पद्धती पाहावयाची असेल, तर नागासाकीस जावे. त्या बंदराचा आणि आपल्या किनाऱ्याचा संबंध जुना आहे. १५४९ साली फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून कागोशिमास उतरला, तेव्हा त्याच्यासमवेत गोव्यातच बाप्तिस्मा घेतलेला आंजिरो हा जपानी गृहस्थ होता. आणि १५७१ पासून नागासाकी हे गोवा, मलाक्का, मकाव या मार्गाने येणाऱ्या पोर्तुगीज जहाजांचे विश्रामस्थान बनले. पुढे पोर्तुगीजांची हकालपट्टी होऊन चिनी आणि डच व्यापाऱ्यांनाच तेथे मुभा राहिली, आणि चिनी रहिवाशांच्या मेजवानीवर जपानी व युरोपीय पाककलेचे संस्कार होत ‘शिप्पोकु’ नावाची भोजनपद्धती घडली. एरवी जपानी मेजवानीत प्रत्येकापुढे त्याचे स्वतंत्र तबक येते. शिप्पोकुत मात्र तांबड्या लाखेच्या गोल मेजाभोवती सर्वांनी बसावयाचे, मध्ये मोठाल्या बशा मांडावयाच्या आणि ज्याने त्याने हवे तेवढे वाढून घ्यावयाचे. गोल मेजाला मानाची जागा नसते. वडीलधाऱ्यांपासून बालकांपर्यंत सर्वांची तोंडे एकमेकांकडे असतात. आरंभी ताई माशाच्या पराचे स्वच्छ सार येते. प्रत्येक पाहुण्यासाठी एक सबंध मासा खर्ची घातला, असा त्याचा भाव. यजमानीण ते घेण्याची विनंती करीपर्यंत प्याला उचलावयाचा नाही आणि भाषणेही करावयाची नाहीत, असा दस्तूर आहे. मग कच्चा मासा, उकडलेले आणि तळलेले जिन्नस, मंद आंचेवर तासन्‌तास शिजवलेले डुकराचे मांस, आणि अखेरीस तांबड्या चवळीसारख्या दिसणाऱ्या अझुकी कडधान्याचे गोड सार, असा क्रम चालतो. मारुयामा भागातील कागेत्सु हे १६४२ साली स्थापन झालेले गृह या भोजनासाठी विख्यात असून त्याची वास्तू व उद्यान ऐतिहासिक स्थळ म्हणून जतन केलेले आहे. खर्च मोठा येतो आणि आगाऊ बंदोबस्त करावाच लागतो. तथापि तीन पिढ्या एकत्र प्रवासास निघाल्या असतील, तर एका वेळेस हा खर्च करावा असे मी आग्रहाने सांगेन.

नागासाकीस जाणे न घडेल त्यांनी मेजावरच शिजणाऱ्या भांड्याचा, म्हणजे नाबेचा, आश्रय घ्यावा. सुकियाकी आणि शाबुशाबु यांची कीर्ती मोठी, पण दोन्हींत मुख्यत्वे गोमांस असते, आणि ज्या घरात ते चालत नाही त्या घराला कोंबडीच्या भांड्याचे दोन उत्तम पर्याय आहेत: एक फुकुओकाचे मिझुताकी आणि दुसरे तोक्योच्या र्‍योगोकु भागातील चान्को, जे सुमो मल्लांच्या आखाड्यातले नित्याचे अन्न होय. चान्कोत कोंबडीला पूर्वापार पसंती मिळाली, कारण ती दोन पायांवर उभी असते. हात जमिनीला टेकला की मल्ल हरतो, तेव्हा चतुष्पादाचे मांस अपशकुनी मानले जाई.

शाकाहाऱ्यांचा प्रश्न सर्वांत बिकट, आणि त्याचे कारण डोळ्यांना दिसत नाही. जपानी पाकक्रियेचा पाया असलेले ‘दाशी’ हे सार कोम्बु नावाच्या समुद्रशैवालापासून आणि शिजवून, धुरी देऊन, वाळवून लाकडासारख्या कठीण केलेल्या कात्सुओ माशाच्या पापुद्र्यांपासून निघते. कोम्बुतील ज्या द्रव्यामुळे या साराला रुचकरता येते ते १९०८ साली किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने वेगळे काढले. शेवयांचे सार, उकडलेल्या भाज्या, अंड्याचा वळलेला थर, मिसोचे कढण, या सर्वांत हे दाशी मुरलेले असते. म्हणून ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. ‘निकु मो, साकाना मो, कात्सुओदाशी मो ताबेरारेमासेन’ असे वाक्य जपानी लिपीत लिहवून जवळ बाळगावे, आणि ते आसन राखतानाच कळवावे. मुदपाकखान्यात सार सकाळीच तयार झालेले असते, तेथे ऐन वेळी केलेली विनंती यजमानाला अवघडून टाकते.

खात्रीचा मार्ग म्हणजे बौद्ध मठांचे ‘शोजिन’ भोजन. त्यात मत्स्यमांस नसतेच, शिवाय कांदा व लसूणही वर्ज्य असल्याने चातुर्मास पाळणाऱ्या आजींनाही पहिल्याच भेटीत आपलेपणा वाटावा. कोम्बु आणि वाळलेली शिइताके आळंबी यांचे सार, तीळ व कुझु कंदाचे सत्त्व यांपासून थिजवलेले गोमादोफु, सोयाबीनच्या दुधावर धरलेली युबा नावाची साय, गव्हाच्या चिकाचे फु, हे त्याचे मुख्य अलंकार. क्योतोच्या आराशियामा भागातील तेनर्‍यूजी मठाच्या आवारातच शिगेत्सु नावाचे भोजनस्थान आहे. आणि कूकाई या आचार्याने नवव्या शतकात स्थापिलेल्या कोयासान पर्वतावरील मठांत रात्रीच्या निवासासह हे भोजन मिळते. मांसाहारी मंडळींनीही एक वेळ येथे बसावे. या भोजनात त्यागाचा अंशही भासत नाही.

आणि कोणाचेच एकमत होईना, तर मोठ्या वस्तुभांडारांचे वरचे मजले आहेतच. क्योतो स्थानकावरील इसेतानच्या अकराव्या मजल्यावर, किंवा शिन्जुकुच्या ताकाशिमायाच्या वरच्या मजल्यांवर, निरनिराळ्या पदार्थांची नामांकित दुकाने शेजारी शेजारी आहेत, आणि दारांतील काचेच्या कपाटांत पदार्थांच्या हुबेहूब प्रतिकृती मांडलेल्या असतात. प्रतिकृतींचा हा व्यवसाय ताकिझो इवासाकी यांनी १९३२ साली ओसाकात मोठ्या प्रमाणावर उभा केला. भाषा न जाणणाऱ्या पाहुण्याला बोटाने दाखविण्याची सोय त्यामुळे झाली. मुलांसाठी भाताच्या ढिगावर इवलेसे निशाण रोवलेले छोटे ताटही अशाच एका भांडारात, निहोम्बाशीच्या मित्सुकोशीत, १९३० साली प्रथम वाढले गेले. येथे अस्सलपणा उणावतो असे मानणारे रसिक आहेत. मला ते मान्य नाही, कारण रविवारी दुपारी जपानी आजीआजोबा नातवंडांना घेऊन याच दारांत रांग लावतात.

राहिली आसनांची बाब. तातामीच्या चटयांवर मांडी घालून बसणे आपल्याला अपरिचित नाही, तथापि गुडघे दुखणाऱ्यांसाठी मेजाखाली पाय सोडण्याचा खड्डा असलेली ‘होरिगोतात्सु’ बैठक किंवा सरळ खुर्च्या मागाव्यात. मुले लहान असतील तर ‘कोशित्सु’, म्हणजे स्वतंत्र दालन, मागावे. काही गृहांत लहान मुलांना प्रवेश नसतो, हे आधीच विचारून घ्यावे. निवासगृहाच्या कचेरीतील मनुष्य दूरध्वनीवरून ही सर्व व्यवस्था आनंदाने करून देतो. मोठ्या गृहांत दुपारचे भोजन रात्रीच्या मानाने पुष्कळ स्वस्त पडते. इझाकायात, म्हणजे जपानी मद्यालयात, न मागता समोर आलेल्या छोट्या वाटीचे काहीशे येन देयकात लावलेले असतात, तो तेथील रिवाज आहे. बक्षिशी मात्र कोठेही ठेवू नये. ठरलेल्या वेळी पोहोचणे अशक्य झाले, तर आधी कळवावे, कारण दहा जणांसाठी मासा सकाळच्या बाजारातूनच आणलेला असतो.