बांगडा ताटात असू द्या, बाटली दुकानात



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत काकूंनी अंतर्गत कर्ज मागितलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "मालकांना प्रेशर आहे. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल आणायच्यात. विकणारा म्हणतो, दवाखान्याची गोळी बंद झाली तरी चालेल." म्हणून आज हा विषय.

माशाच्या तेलात ओमेगा-३ नावाची चांगली चरबी असते. बांगडा, तारली, पेडवे अशा तेलकट माशांत ती भरपूर. त्यासाठी पापलेटच हवं असं नाही.

आपली रक्तवाहिनी रबरी नळीसारखी लवचिक असते. तंबाखू, जास्त मीठ, वाढती साखर यांनी ती कडक होते, आत चरबीचा थर बसतो आणि हृदयाला जोर लावावा लागतो. ओमेगा-३ मुळे रक्तातली ट्रायग्लिसराइड ही चरबी कमी होते आणि वाहिनी सैल राहायला मदत होते. प्रेशरही उतरतं, पण अगदी थोडं. गोळीची जागा घेण्याइतकं नाही!

मग कॅप्सूल? अमेरिकेत सुमारे २६ हजार लोकांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचा निकाल २०१८ मध्ये आला. हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू हे सगळं मिळून मोजलं, तर रोज कॅप्सूल घेणाऱ्यांत आणि न घेणाऱ्यांत ठोस फरक दिसला नाही. जास्त डोसने काहींचे ठोके अनियमित होऊ शकतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका.

आपण काय करायचं?

• आठवड्यातून दोनदा मासे. कालवण करा, नाहीतर तव्यावर थोड्या तेलात भाजा. तळणं टाळा.
• प्रेशर असेल तर खारवलेली सुकी मासळी कमी. त्यात मीठ फार.
• मासे खात नसाल तर जवस भाजून, कुटून चटणी करा. त्यातलं ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचं असतं, माशाइतकं कामाला येत नाही, तरी खावं.
• मिश्री, तंबाखू सोडा.
• प्रेशरची गोळी मनाने बंद करू नका.

काकूंनी कर्जाचा अर्ज मागे घेतला आणि मालकांना घेऊन उपकेंद्रात गेल्या. प्रेशर वाढलेलंच होतं, गोळी पुन्हा चालू झाली. घरात तारलीचं कालवण मात्र चालूच आहे!

पुढच्या बैठकीत बचत गोळा करताना एकमेकींना एवढंच विचारा: घरात कुणी गोळी बंद केली नाही ना?