एक फुगा... टप्प!

दूध अगदी पातेल्याच्या कडेला आलेलं असतं आणि तेवढ्यात आपण गॅस बंद करतो. धुवायला टाकलेल्या कुर्त्याच्या खिशात विसरलेली पन्नासची नोट सापडते. संध्याकाळच्या ठाणे लोकलमध्ये 'कुठे उतरणार?' असं विचारल्यावर खिडकीतली बाई चक्क 'दादर' म्हणते! मैत्रिणींनो, अशा वेळी मनात जे टुणकन उडी मारतं ना, त्याला मी 'फुकटची दिवाळी' म्हणते.

पण मध्यंतरी आमच्याकडे ही दिवाळी यायचीच थांबली होती. सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. चाळीस वर्षं पुरणपोळ्या लाटलेला हात मांडीवर नुसता पडून असायचा. फिजिओथेरपीच्या बाईंनी दाबायला मऊ चेंडू दिला होता. आई दोन दिवस दाबायच्या, तिसऱ्या दिवशी तोंड फिरवायच्या. 'आता काय करायचंय हाताचं?' एवढंच म्हणायच्या. ऑफिस, डबे, औषधं यांत माझंही हसणं कुठेतरी राहूनच गेलं.

एका रविवारी मिक्सरचं भांडं पार्सलनं आलं. भोवती तो फुग्याफुग्यांचा प्लॅस्टिकचा कागद. लेकीनं तो पळवला आणि आजीच्या पलंगावर बसून फुगे फोडायला लागली. मी ओरडणार, तर आईंनी डावा हात पुढे केलेला! एक फुगा फुटला, दुसरा फुटला. मग लेक म्हणाली, 'आजी, आता त्या हातानं.' तिनं आजीचा उजवा अंगठा फुग्यावर ठेवला. बराच वेळ काहीच नाही. आणि मग... टप्प! अगदी बारीक आवाज. पण आई अशा काही हसल्या, की बाल्कनीत कपडे वाळत घालणारा नवरा धावत आत आला.

हा कागद मुळात फोडण्यासाठी नव्हताच. १९५७ मध्ये अमेरिकेत आल्फ्रेड फील्डिंग आणि मार्क शावान हे दोघं भिंतीला लावायचा नवा कागद करायला गेले आणि हाती आले हे हवेचे फुगे!

न ठरवता मिळालेल्याची गोडी जास्त का, याचं उत्तर शास्त्रज्ञांनीही शोधलंय. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर प्रयोग केले. फळांचा रस अवचित मिळाला, की मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी जोरात उसळायच्या. तोच रस अपेक्षेप्रमाणे मिळाला, की त्या फारशा हलायच्याही नाहीत. या कामासाठी त्यांना २०१७ मध्ये 'ब्रेन प्राइज' विभागून मिळालं.

आणि आपण बायका काय करतो? 'सगळं आवरलं, की बसू निवांत.' ते 'सगळं' कधी आवरतं का हो? आनंद मात्र वेळ घेऊन येत नाही. येतो तेव्हा आपण ओट्याशी पाठ करून उभ्या असतो.

फुग्यांनी हात बरा झाला, असं मी म्हणणार नाही. पण त्या रविवारनंतर आईंनी चेंडू पुन्हा हातात घेतला, एवढं खरं. आज त्या उजव्या हातानं पोळीला तूप लावतात. लाटणं अजून जमत नाही. पार्सल आलं, की मात्र पहिला कागद त्यांचा. आणि दुसरा? सांगू का, तो मी कुणाला देत नाही!