शैली शोधायची की मांडणी?

चित्रकला शिकायला लागून दोन-तीन वर्षं झाली की बहुतेकांना एकच प्रश्न छळू लागतो: माझी शैली कोणती? मग कोणी रंगांचे जाड थर चढवतो, कोणी चेहरे वाकडे करतो, कोणी नवं माध्यम धुंडाळतो. आपलं चित्र चारचौघांपेक्षा वेगळं दिसावं, एवढाच या खटाटोपाचा हेतू. पण वेगळेपणाच्या मागे लागून शैली मिळते का, याची पडताळणी करायला पालघर जिल्ह्यातच एक चांगलं उदाहरण आहे. वसई-विरारकडे सोसायटीच्या भिंतीपासून कुर्त्याच्या काठापर्यंत वारली आकृत्या दिसतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा एकाच छापातून काढल्यासारख्या असतात. याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या कळंबीपाड्यावर जिव्या सोमा म्हसे आयुष्यभर त्याच आकृत्या काढत राहिले. तरीही त्यांचं चित्र सही न पाहता ओळखू येतं.

म्हसेंच्या हाती आलेली सामग्री अगदी मोजकी होती. वारली लग्नघरात सवाशिणी भिंतीवर चौक लिहितात. गेरूने किंवा शेणाने सारवलेली भिंत, कालवलेलं तांदळाचं पीठ आणि टोक ठेचलेली बांबूची काडी एवढंच त्यासाठी लागतं. त्रिकोण, वर्तुळ, चौकोन हे आकार आणि पांढरा हा एकच रंग. मधल्या चौकटीत पालघट देवी, भोवताली झाडं, माणसं, जनावरं. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी इथे आले आणि ही चित्रं भिंतीवरून कागदावर यायला चालना मिळाली. म्हसेंना 1976 साली राष्ट्रीय पुरस्कार आणि 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. या सगळ्या प्रवासात त्यांनी मुळाक्षरं बदलली नाहीत, बदलली ती मांडणी. चौकाला देवीचं ठरलेलं केंद्र असतं, कोऱ्या कागदाला ते नसतं. नजर कुठे थांबवायची, कुठे मोकळं सोडायचं, हे दर वेळी नव्याने ठरवावं लागतं. त्यांचं मासेमारीचं चित्र पाहावं. बारीक रेघांनी विणलेलं अवाढव्य जाळं जागा व्यापून बसतं आणि माणसं त्यापुढे चिमुकली होतात. आकृत्या परंपरेच्याच, पण त्यांचं एकमेकांशी आणि रिकाम्या जागेशी असलेलं नातं म्हसेंचं.

यावर कोणी म्हणेल, ही तर सामूहिक कला, तिच्यात एकट्याची शैली कसली? शिवाय चौक लिहिणाऱ्या बायकांचे हात काय सारखे होते? नसणारच. पण लग्न उरकलं, भिंत पुन्हा सारवली, की चित्र गेलं. एकाच हाताची पन्नास चित्रं शेजारी ठेवून पाहायची सोय नव्हती. म्हसे विधीची वाट न पाहता सतत चित्रं काढत राहिले आणि ती कागदावर, कापडावर टिकली. शैली एका चित्रात फारशी कळत नाही. अनेक चित्रांत तेच निर्णय पुन्हा दिसू लागले, की आपण तिला शैली म्हणतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आदिवासी चित्रकाराला भाषा आयती मिळते, शहरातल्या चित्रकाराने काय करावं? पण शून्यापासून कोणीच सुरुवात करत नाही. वासुदेव गायतोंडे यांच्या सुरुवातीच्या चित्रांवर पॉल क्ली आणि भारतीय लघुचित्रांची छाप होती. पुढे त्यांनी एकेक गोष्ट गाळत नेली. माणसं गेली, वस्तू गेल्या. रोलर आणि पॅलेट नाइफने चढवलेले, खरवडलेले रंगांचे थर तेवढे उरले. प्रभाकर बरवे यांनी पान, घड्याळ, फळ अशा कोणाच्याही घरातल्या गोष्टी घेतल्या. त्या मोकळ्या अवकाशात कशा आणि किती अंतरावर ठेवायच्या, हा त्यांचा ध्यास होता. आकाराचा आणि अवकाशाचा असा विचार त्यांनी ‘कोरा कॅनव्हास’ या पुस्तकात मराठीत मांडला आहे. म्हसेंना मर्यादा वारशाने मिळाली, या दोघांनी ती स्वतः आखून घेतली. तिघांच्याही बाबतीत पर्याय कमी झाले तेव्हा निवडीला धार आली.

मर्यादेचाच पुढे साचा होतो, ही भीती मात्र खरी आहे. एक चित्र खपलं की तसलीच दहा मागितली जातात. पण साचा आणि शैली यांतला फरक ओळखता येतो. तारप्याच्या नाचाचं वेटोळं मगवर, पिशवीवर, दारावर जसंच्या तसं उमटवलं, तर तिथे जागेचा विचार झालेलाच नसतो. जागा उभी की आडवी, विषय गर्दीचा की एकटेपणाचा, यानुसार तेच वेटोळं सैल होतं, कडेला सरकतं किंवा अर्धंच राहतं, तेव्हा चित्रकार विचार करतोय हे कळतं. म्हणून नव्या चित्रकाराने शैलीची काळजी बाजूला ठेवून चार आकार आणि दोन रंग घ्यावेत आणि वर्षभर फक्त मांडणी बदलत राहावी. वर्षअखेरीस सगळी चित्रं ओळीने लावून पाहावीत. ज्या निवडी न ठरवताही पुन्हा पुन्हा झाल्या असतील, तिथून पुढचं काम सुरू करावं.