आजी गुणगुणायची ती धून : वरळीच्या स्टुडिओची गोष्ट

लोकलच्या गर्दीत ज्यांना इयरफोन खिशातून काढणंसुद्धा जमत नाही, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी अवतार. बोलतानाचे 'म्हणजे... काय म्हणतात ते...' गाळलेत. बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

आधी एक कबुली. दोन वर्षांपूर्वी मी आजीला समोर बसवून फोनवर तिचं बोलणं रेकॉर्ड केलं होतं. ३८ मिनिटं. विषय होता गिरगावातल्या चाळीत टीव्ही आला तो काळ. मधेच तिने एका कार्यक्रमाची सुरुवातीची धून गुणगुणून दाखवली. कुठला कार्यक्रम, हे विचारायचं राहिलं. म्हटलं, गणपतीत परत बसू. मग एका ट्रिपच्या आदल्या रात्री फोन म्हणाला, स्टोरेज फुल्ल. मी आकाराने मोठ्या फाइल्स निवडल्या आणि उडवल्या. त्यात 'आजी ०१' पण गेली. लक्षात आलं तेव्हा ट्रॅशही रिकामा झाला होता. आणि गणपतीच्या आधीच आजी गेली.

गंमत बघा, जुना डेटा कधी आणि कसा उडवायचा याचे नियम लिहिणं हा माझ्या नोकरीचाच भाग आहे.

ती धून कुठली ते शोधायला बसलो आणि एका मोठ्या गोष्टीत जाऊन पडलो. ती आज तुम्हाला सांगतो.

सुरुवात

भारतात टीव्ही दिल्लीत सुरू झाला, १५ सप्टेंबर १९५९ ला. पण तेरा वर्षं तो दिल्लीतच राहिला. दुसरं केंद्र सुरू झालं ते मुंबईत, वरळीला, २ ऑक्टोबर १९७२ रोजी. कोलकाता आणि चेन्नईला १९७५ पर्यंत थांबावं लागलं. म्हणजे प्रादेशिक भाषेत रोज टीव्ही म्हणजे काय करायचं, याचं उत्तर शोधणाऱ्या पहिल्यावहिल्या माणसांत वरळीची माणसं होती. पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यातून हे कार्यक्रम पुण्यातही दिसायला लागले.

तेव्हा टीव्ही हा आकाशवाणीचाच एक विभाग होता. 'दूरदर्शन' म्हणून तो वेगळा झाला १ एप्रिल १९७६ ला. त्याच वर्षीच्या जानेवारीत टीव्हीवर जाहिराती सुरू झाल्या. त्याआधी सरकारी पैसा आणि लायसन्स फी. हो, टीव्ही घरात ठेवायला लायसन्स लागायचं आणि त्याची फी पोस्टात भरायची. आजोबांनी लायसन्सचं ते पुस्तक रेशनकार्डाबरोबर जपून ठेवलं होतं.

चॅनल एकच, आणि तोही संध्याकाळचे काही तास. बाकी वेळ पडद्यावर मुंग्या.

बनवायचे काय?

आज आपण ज्याला 'कंटेंट' म्हणतो, तो बहुतेक सगळा त्याच इमारतीत तयार व्हायचा. शेतकऱ्यांसाठी 'आमची माती, आमची माणसं'. मुलांसाठी मराठीत 'किलबिल' आणि गुजरातीत 'संताकुकडी', कारण मुंबई केंद्र फक्त मराठी बोलत नव्हतं. मोठ्यांसाठी 'आवो मारी साथे' हाही गुजराती कार्यक्रम होता. हिंदीत तबस्सुम यांचा 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' १९७२ मध्ये सुरू झाला आणि १९९३ पर्यंत चालला. साहित्यिक-कलावंतांच्या मुलाखतींसाठी 'प्रतिभा आणि प्रतिमा'. छोट्या विनोदी प्रहसनांचा 'गजरा'. निर्माते म्हणून विनय आपटे यांचं नाव 'गजरा'शी कायमचं जोडलं गेलं. आज रील्समध्ये दोन मिनिटांची स्किट्स बघता ना, त्यांचे आजोबा म्हणजे 'गजरा'.

आणि 'ज्ञानदीप'. आकाशानंद यांचा हा कार्यक्रम लोकशिक्षणाचा. त्याची खरी गंमत पडद्याबाहेर होती. प्रेक्षकांनी ठिकठिकाणी 'ज्ञानदीप मंडळं' काढली. लोक एकत्र जमायचे, कार्यक्रमावर चर्चा करायचे, आपल्या भागात काहीतरी काम करायचे. लाइक आणि सबस्क्राइब यायच्या कितीतरी आधी.

बातम्यांची टेबलंही वरळीचीच. डॉ. विश्वास मेहेंदळे हे मुंबई दूरदर्शनचे पहिले मराठी वृत्तनिवेदक म्हणून ओळखले जातात. प्रदीप भिडे १९७४ मध्ये आले आणि पुढची कित्येक वर्षं तो आवाज म्हणजेच बातम्या. स्मिता पाटीलही तिथे बातम्या वाचायच्या. जीन्सवरच साडी गुंडाळून त्या कॅमेऱ्यासमोर बसायच्या, हा किस्सा तुम्ही ऐकला असेल. श्याम बेनेगल यांचं लक्ष त्यांच्याकडे गेलं ते या बातम्यांमुळेच.

काम कसं चालायचं

आता थोडं तांत्रिक, कारण पुढची गोष्ट यावर उभी आहे.

स्टुडिओच्या फ्लोअरवर दोन-तीन कॅमेरे. वेगळ्या खोलीत कंट्रोल रूम, तिथे निर्मात्यासमोर प्रत्येक कॅमेऱ्याचा एक मॉनिटर. निर्माता सांगेल त्या कॅमेऱ्याचं बटण दाबायचं, तेच चित्र बाहेर जाणार. म्हणजे एडिटिंग जागच्या जागी, त्याच क्षणी. कलाकार वाक्य विसरला तर समोरच्याने सावरून घ्यायचं. म्हणूनच आधी तालमी आणि तालमी. नाटकाच्या रंगमंचावर घडलेले कलाकार इथे इतके सहज रुळले त्याचं हे एक कारण.

बाहेरचं चित्रण १६ एमएमच्या फिल्मवर व्हायचं. दुपारी मंत्रालयाबाहेर काही शूट केलं, की ती फिल्म केंद्रावर आणायची, धुवायची, वाळवायची, कापून जोडायची आणि संध्याकाळच्या बातम्यांना लावायची. मधेच काही बिघडलं तर पडद्यावर पाटी यायची : 'व्यत्यय'. माझी आई अजूनही वायफाय गेलं की म्हणते, "आला बघ व्यत्यय."

यातलं बरंचसं थेट प्रक्षेपण होतं. झालं की झालं. हवेत गेलं.

चिमणराव

चि. वि. जोशी यांच्या चिमणराव-गुंड्याभाऊच्या कथा मराठी घरांत टीव्हीच्या कितीतरी आधीपासून वाचल्या जात होत्या. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनवर विजया धुमाळे यांनी त्यांची मालिका केली. चिमणराव झाले दिलीप प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ झाले बाळ कर्वे. हिंदीतली 'हम लोग' सुरू झाली जुलै १९८४ मध्ये. भारतीय टीव्ही मालिकांचा इतिहास बरेचदा तिथूनच सांगायला सुरुवात होते. गिरगावातल्या चाळी त्याच्या काही वर्षं आधीच मालिकेच्या वेळेनुसार कुकर लावायला लागल्या होत्या.

आजीच्या मजल्यावर टीव्ही एकाच बिऱ्हाडात होता. लाकडी शटरचा, वर भरतकाम केलेला रुमाल. लहान मुलं आत जमिनीवर, म्हाताऱ्या माणसांना दारात पाट, बाकीचे गॅलरीत उभे, खिडकीच्या गजांना धरून. गुंड्याभाऊ आला की गॅलरीतून शिट्टी. हे सगळं आजीने त्या ३८ मिनिटांत सांगितलं होतं. आता मला आठवतंय तेवढंच उरलंय.

मग काय बदललं?

१९८२. दिल्लीचे आशियाई खेळ, रंगीत टीव्ही, आणि त्या वर्षीच्या १५ ऑगस्टपासून दिल्लीहून देशभर जाणारा राष्ट्रीय कार्यक्रम. उपग्रहामुळे हे शक्य झालं. पण रात्रीची सगळ्यात मोलाची वेळ दिल्लीकडे गेली आणि प्रादेशिक केंद्रांच्या वाट्याला संध्याकाळ उरली.

दुसरा बदल पैशाचा. 'हम लोग', मग १९८७ मध्ये 'रामायण'. मालिका आता बाहेरचे निर्माते बनवायला लागले, प्रायोजकांच्या पैशावर. मराठीतही तेच झालं. 'गोट्या', पुढे १९९७ मध्ये आलेली 'दामिनी' यांनी घराघरांत जागा केली. पण 'केंद्रातल्या माणसांनी केंद्रातच केलेला कार्यक्रम' ही गोष्ट मागे पडत गेली. १९९२ मध्ये झी, १९९९ मध्ये अल्फा मराठी. प्रेक्षकाच्या हातात रिमोट आला. केंद्राचीही १९९४ मध्ये उपग्रह वाहिनी झाली, जिला आज आपण 'सह्याद्री' म्हणतो.

मग जुनं सगळं गेलं कुठे?

माझा पहिला विचार अगदी आपल्या पिढीचा होता : कुठेतरी असेलच की, कुणीतरी अपलोड करायचं राहिलं असेल. पण तसं नाहीये. थेट प्रक्षेपण झालेलं बरंचसं मुळात रेकॉर्डच झालं नव्हतं. आणि जे झालं, त्याची टेप महाग.

व्हिडिओ टेपचं पहिलं यशस्वी यंत्र १९५६ मध्ये आलं. त्याची टेप दोन इंच रुंद, आणि सेकंदाला सुमारे १५ इंच धावणारी. गुणाकार करा. एका तासाच्या कार्यक्रमाला साधारण १,४०० मीटर टेप. नंतर टेप अरुंद झाल्या, कॅसेट आल्या, तरी प्रत्येक टेप विकत घ्यायची वस्तूच होती. आणि टेपचा मोठा गुण म्हणजे ती पुसून परत वापरता येते. म्हणून जगभर तेच झालं. बीबीसीच्या 'डॉक्टर हू'चे नव्वदहून जास्त भाग आज उपलब्ध नाहीत. माणूस चंद्रावर उतरला त्या चित्रणाच्या मूळ टेपसुद्धा नासात पुन्हा वापरल्या गेल्या. दूरदर्शनही याला अपवाद नव्हतं.

सुरुवातीला मला राग आला. मग माझी स्वतःचीच ट्रिपच्या आदली रात्र आठवली. समोर 'जागा नाही' असं दिसतंय, उद्याचं काम अडलंय, आणि जुन्या फाइलला कुणी विचारत नाहीये. तिथे बसलेल्या माणसाने दुसरं काय केलं असतं? ती माणसं पुढच्या पन्नास वर्षांसाठी कार्यक्रम करत नव्हती. आज संध्याकाळसाठी करत होती.

त्यामुळे काय उरलं, हे कार्यक्रमाच्या दर्जावर ठरलं नाही. ज्याची दुसरी प्रत कुणीतरी कुठेतरी ठेवली, ते उरलं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये 'रामायण' परत लागलं आणि नवी पिढी ते बघायला बसली, कारण ते जपलेलं होतं. 'ज्ञानदीप'च्या शेकडो संध्याकाळींना ते भाग्य मिळालं नाही.

जे उरलंय ते

सगळंच अंधारात नाहीये. दूरदर्शनच्या संग्रहात जुन्या टेपचं डिजिटायझेशन झालंय. सह्याद्रीच्या आणि प्रसार भारतीच्या यूट्यूब वाहिन्यांवर जुन्या मुलाखती, मैफली सापडतात. रात्री झोपण्याआधी रील्सऐवजी एखादी जुनी मुलाखत लावून बघा. प्रश्न विचारणारा माणूस उत्तर पूर्ण होईपर्यंत गप्प बसतो, याचंच आधी आश्चर्य वाटेल.

पण दुसरा साठा आपल्या घरात आहे, आणि त्याचा बॅकअप कुणीच घेतलेला नाही. १९७२ मध्ये जे दहा वर्षांचे होते, ते आज साठीच्या पुढे आहेत. त्यांच्या डोक्यात ते कार्यक्रम आहेत. गाणी, निवेदिकेचा चेहरा, कोणाच्या घरी बसून बघितलं, त्या दिवशी काय झालं होतं. म्हणून तीन साध्या गोष्टी करा. घरातल्या मोठ्यांना विचारताना 'जुन्या काळाबद्दल सांगा' असं विचारू नका, 'टीव्ही पहिल्यांदा कोणाच्या घरी बघितला?' असं विचारा. फाइलला नाव, तारीख आणि कोण बोलतंय ते लिहा. आणि त्याच दिवशी ती फोनबाहेर दुसरीकडे ठेवा.

आजीची ती धून मी आठवून आठवून आईला आणि मामाला गुणगुणून दाखवली. आई म्हणते, 'किलबिल'. मामा म्हणतो, छे, 'गजरा'. दोघंही खात्रीने सांगतात, आणि मीच सुरात आहे की नाही याची मला खात्री नाही. तासभर दोघं भांडले. मधे मामाने चाळीतल्या त्या बिऱ्हाडातल्या काकूंची नक्कल केली, आईने तिचं ऐकून आणखी तीन माणसं आठवली.

फोन टेबलावर होता, रेकॉर्डिंग चालू. 'आई-मामा ०१', एक तास चार मिनिटं. तीन ठिकाणी ठेवलीये.

भेटू पुढच्या भागात.