खासबागेतले थिएटर : जळले काय, उरले काय?

८ ऑगस्ट २०२४च्या रात्री कोल्हापूरच्या संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. ज्यांनी जयंतीला जमायचे ते कलावंत आणि रसिक राखेपुढे उभे राहून रडले. छप्पर कोसळले होते. रंगमंच, पडदे, खुर्च्या सारे गेले होते. दगडी भिंती तेवढ्या उभ्या होत्या.

हे नाट्यगृह ज्या खासबागेत आहे, तिच्या नावाचा अर्थच राजाची खासगी बाग. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले, तेव्हा रोममधला प्राचीन आखाडा त्यांनी पाहिला. परत आल्यावर त्यांनी खासबागेत कुस्तीचे भव्य मैदान बांधायला घेतले. ते १९१२ मध्ये पुरे झाले आणि त्याला लागूनच १९१३ ते १९१५ या काळात पॅलेस थिएटर उभे राहिले. एका बाजूला पैलवानांची झुंज, दुसऱ्या बाजूला गाणे आणि नाटक. राजाच्या बागेत रयतेला हक्काची जागा मिळाली.

१९५७ साली या थिएटरला केशवरावांचे नाव दिले गेले. ते कोल्हापूरचेच. १९०८ मध्ये त्यांनी ‘ललितकलादर्श’ ही नाटक मंडळी काढली. ८ जुलै १९२१ रोजी आपल्या मुंबईत त्यांनी आणि बालगंधर्वांनी मिळून ‘संयुक्त मानापमान’ केले, तेही टिळक स्वराज्य फंडासाठी. त्यानंतर तीनच महिन्यांनी, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, केशवराव गेले.

संगीताविषयी आपल्या घरांत वेगवेगळी मते आहेत, आलिमांमध्येही आहेत. तो मसला या लेखात सोडवायचा नाही. पण आमच्या मरोळच्या वर्गात शाहू महाराजांचे नाव निघाले की मुले चटकन ‘आरक्षण’ म्हणतात. त्याच महाराजांच्या दरबारी गवयाचे नाव मात्र कोणाला सांगता येत नाही. ते नाव उस्ताद अल्लादियाँ खाँ. जन्म १८५५, जयपूरजवळच्या उनियाऱ्याचा. तरुणपणी अतोनात गाण्यामुळे त्यांचा आवाज बसला. पुढे आवाज परतला, पण पूर्वीसारखा नाही. खाँसाहेबांनी गेलेल्या आवाजाचा शोक करत न बसता उरलेल्या आवाजाला शोभेल अशी नवी गायकी घडवली. लयीशी घट्ट बांधलेली ती पेचदार गायकी म्हणजेच आजचे जयपूर-अत्रौली घराणे. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर त्यांच्याकडेच शिकल्या. महाराजांच्या निधनानंतर खाँसाहेब मुंबईत आले आणि १९४६ मध्ये इथेच त्यांचा इंतकाल झाला.

याच महाराजांनी १९०६ साली मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी मोहमेडन एज्युकेशन सोसायटी उभी केली आणि तिचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले. तिचे मुस्लिम बोर्डिंग दसरा चौकात आजही आहे. तेव्हा खासबागेत जे जळले, त्यात आपलाही वाटा होता.

आता प्रश्न दुरुस्तीचा. राज्य सरकारने निधी जाहीर केला, काम टप्प्याटप्प्याने हाती घेतले गेले. लोकांची मागणी एकच : होते तसेच बांधा. मागणी रास्त आहे, पण ती सोपी नाही. आगीत तापलेला दगड वरून शाबूत दिसला तरी आतून तडकलेला असू शकतो. म्हणून भिंत तपासल्याशिवाय तिच्यावर नव्या छपराचा भार टाकता येत नाही. जुन्या चुन्याच्या दरजांत सिमेंट भरले, तर ओल आत कोंडते आणि दगडाची झीज वाढते. आवाजाची गोष्ट याहून नाजूक. लाकूड, कापड आणि आढ्याची उंची मिळून सभागृहाचा आवाज ठरतो. त्या जागी सगळीकडे गुळगुळीत, कठीण पृष्ठभाग आले की शब्द घुमतात, शेवटच्या रांगेत नीट पोचत नाहीत. शिवाय जुने सगळे जसेच्या तसे आणायचे नसते. विजेच्या तारा, सहज पेट न घेणारे पडदे, धुराची सूचना देणारी यंत्रे, बाहेर पडायचे मोकळे दरवाजे या गोष्टी नव्याच हव्यात.

इटलीतील व्हेनिस शहराचे ला फेनिचे हे संगीतनाट्यगृह १९९६ मध्ये जळाले. तिथेही लोकांनी ‘होते तसेच, होते तिथेच’ असा आग्रह धरला. २००३च्या डिसेंबरमध्ये ते पुन्हा उघडले. रूप जुने राखले, पण सुरक्षेची व्यवस्था नवी केली. त्याला जवळपास आठ वर्षे लागली. कोल्हापुरातही घाईपेक्षा नीट काम महत्त्वाचे.

इमारत सरकार आणि महापालिका बांधतील. आठवण मात्र घराघरांतच जपावी लागते. सुटीत कोल्हापूरला गेलात, तर मुलांना पन्हाळा आणि रंकाळा दाखवाच, पण खासबागेतही न्या. जवळच देवल क्लबपाशी अल्लादियाँ खाँसाहेबांचा पुतळा आहे, तो दाखवा. तिथून दसरा चौकातल्या बोर्डिंगपर्यंत जा. शाहू महाराज, केशवराव आणि खाँसाहेब ही तिन्ही नावे मुलांना एकाच गोष्टीत सांगा, कारण त्या काळच्या कोल्हापुरात ती एकत्रच नांदत होती.